लॉर्ना सालमी आणि बिननावाचे प्रश्न

रेडस्टोन या खाणींच्या गावातल्या वाचनालयात लॉर्ना सालमी सव्वीस वर्षं एकाच टेबलामागे बसते आहे. टेबलावर पाटी आहे, ‘विचारा’, आणि लोक विचारतात. हरणाचं मांस किती दिवस टिकतं, आजोबा ज्या खाणीत मेले तिचं नाव काय, भाडेकरू हलत नसेल तर काय करायचं, मूळव्याध कशानं जाते. लॉर्ना उठते, पुस्तक काढते, पान उघडून समोर ठेवते आणि ओळीवर बोट टेकवते. नुसतं तोंडी उत्तर ती देत नाही. तोंडी उत्तराला ती गप्पा म्हणते.

या कामाचे दोन नियम तिला पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले. विचारणाऱ्याला ‘कशाला हवंय’ म्हणून विचारायचं नाही, आणि कुणी काय विचारलं ते कुठं टिपून ठेवायचं नाही. मूळव्याधीचं पुस्तक नेणारा माणूस रविवारी चर्चमध्ये तुमच्याच बाकावर येऊन बसणार असतो. हजार-बाराशे वस्तीच्या गावात तोंड मिटून राहणं सोपं नाही, पण लॉर्ना राहिली. गावातल्या निम्म्या घटस्फोटांचा सुगावा नवऱ्यांच्या आधी तिला लागला होता आणि तिनं अवाक्षर काढलं नाही. चार वर्षांपूर्वी वाचनालयाच्या संकेतस्थळावर प्रश्नांचं पान निघालं तेव्हा तिनंच हट्ट धरला, की नाव विचारायचं नाही, काही साठवायचं नाही. प्रश्न येईल, खाली उत्तर दिसेल, विषय संपला. समितीवरचे लोक म्हणाले, टवाळखोर येतील. लॉर्ना म्हणाली, येऊ देत, त्यांनाही काहीतरी हवंच असतं.

तिचं बाकीचं आयुष्य दोन ओळींत बसेल असं ती स्वतः सांगते. दोन वर्षं कॉलेज, मग आईला पक्षाघात म्हणून घरी परत, मग रूडीशी लग्न. रूडी काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, बर्फ ढकलायचा ट्रक चालवायचा. सात वर्षांपूर्वी तो गेला. मूल एकच, ब्रिटा.

स्त्रीवाद तिच्याकडे वयाच्या बासष्टाव्या वर्षी खोक्यातून आला. गावातली एक जुनी शिक्षिका वारली आणि तिच्या भाच्यानं सात खोकी पुस्तकं वाचनालयाच्या दारात आणून टाकली. विकायची कुठली, फेकायची कुठली हे बघायला लॉर्नानं पहिलं खोकं उघडलं आणि तो सगळा हिवाळा ती त्यातच राहिली. जड पुस्तकं, बारीक टाइप, शिक्षिकेच्या पेन्सिलीच्या रेघा. एका पानावर लिहिलं होतं की बाई घरात जे करते त्याला जग काम म्हणतच नाही. लॉर्ना थांबली. जनगणनेचा कागद तिला आठवला. अंथरुणावर खिळलेली आई, तान्ही ब्रिटा, पहाटे तीनला ट्रक काढणारा रूडी, या सगळ्यांचं करता करता तिनं स्वतःच्या हातानं, व्यवसायाच्या रकान्यात, ‘काही नाही’ असं भरलं होतं. तिला राग आला नाही. तिला बरं वाटलं. आपण तेव्हा उगीच थकत नव्हतो, एवढंच तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

मग तिनं मंगळवारचा वाचनगट काढला. सहा बायका, एक किटली कॉफी. दारावर कागद लावला, ‘पितृसत्ता म्हणजे काय? या, वाचू या.’ कुणीतरी त्या कागदाचा फोटो काढून फेसबुकवरच्या गावाच्या पानावर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आपल्या कराच्या पैशांनी आता बायकांना पुरुषद्वेष शिकवतात.’ दुपारपर्यंत तीनशे चाळीस प्रतिक्रिया झाल्या.

इथल्या माणसांची एक गंमत आहे. समोरासमोर ती कुणालाही दुखवत नाहीत. तुमची गाडी खड्ड्यात गेली तर चार जण दोर घेऊन धावतील आणि आभार मानलेत तर लाजतील. पण तीच माणसं फोन हातात घेतला की वेगळी होतात. लॉर्नाला हे ठाऊक होतं. तरी तिला वाटलं की हा गैरसमज आहे, आणि गैरसमज म्हणजे चुकीच्या फळीवर लागलेलं पुस्तक. उचलायचं, योग्य जागी ठेवायचं.

ती उत्तरं द्यायला बसली. पितृसत्ता म्हणजे तुमचे वडील नव्हेत, तुमचा मुलगा नव्हे, ती एक घडी आहे, तिच्यात पुरुषही चिरडतात, खाणीतले तर फारच. अमुक पुस्तक, पान एकशे बारा. खाली उत्तर आलं, ‘म्हणजे माझा बाप राक्षस होता असं म्हणायचंय का?’ तिनं लिहिलं, घरातली गोष्ट फक्त घरातली नसते, कायदा आणि रीत तिच्या मागे उभी असते. लोकांनी वाचलं, ही बाई आमच्या स्वयंपाकघरात सरकार घुसवणार. बाईपण शिकवलं जातं असं तिनं लिहिलं, तर कुणीतरी गाईचा आणि बैलाचा फोटो टाकला. तिच्या बाजूनं बोलणारे आणखी वाईट. शेजारच्या गावातल्या एका तरुणीनं लिहिलं की घरी बसणाऱ्या बायका फितूर आहेत. लॉर्नानं तिलाही समजावलं, की सिद्धांत असं म्हणत नाही, पान त्र्याण्णव पाहा. त्या तरुणीनं तिला म्हातारी भित्री म्हणून सोडून दिलं.

"तू त्यांना पान नंबर देतेस, ते तुला शिव्या देतात," मॅक्सीन म्हणाली. मॅक्सीन वाचनालयातली दुसरी आणि शेवटची नोकर. "अगं, बुक उघडणारेत का ते?"

"एखादा उघडेल."

"तो एखादा या गावात जन्मला असता तर मी त्याच्याशी लग्न केलं असतं."

लॉर्ना हसली आणि पुढचं उत्तर लिहू लागली. खरं सांगायचं तर तिला त्यात गोडी लागली होती. सगळ्यांत बोलका कोण होता, तर तिचा जावई ट्रेंट.

ट्रेंट लाकडाचे ट्रक चालवायचा. गावापासून चाळीस मैलांवर, जंगलातल्या रस्त्याच्या टोकाला त्याचं घर. माणूस देखणा, हसरा. लॉर्नाच्या छपरावर बर्फ साचला की न सांगता शिडी घेऊन यायचा, कॉफी प्यायचा, "काय सासूबाई, क्रांती कुठवर आली?" म्हणून विचारायचा. घरी जाऊन पानावर लिहायचा, ‘तुमचा सिद्धांत पुस्तकात ठेवा, आमच्याकडे बायको सुखी आहे.’ तो नेहमी ‘तुमचा सिद्धांत’ म्हणायचा. आणि ते त्याच्या एकट्याच्या नावानं नसायचंच. इकडे पुष्कळ जोडप्यांची असते तशी त्यांचीही जोडखात्याची रीत होती. ‘ट्रेंट-अँड-ब्रिटा’ असं खातं, वर लग्नातला फोटो. त्यामुळे लॉर्नाला डिवचणारा प्रत्येक शब्द तिच्या मुलीच्या हसऱ्या फोटोखाली उमटायचा.

तिनं एकदा भलंमोठं उत्तर लिहिलं. घर सांभाळणारी बाई गुलाम आहे असं कुठलाही शहाणा स्त्रीवाद म्हणत नाही. तो म्हणतो की तिचं काम न मोजण्यानं तिला गुलामासारखं परावलंबी करून ठेवता येतं, आणि दोष मोजमापाचा आहे, बाईचा नाही. ट्रेंटनं त्यातला मधला तुकडा कापला. ‘घर सांभाळणारी बाई गुलाम आहे.’ एवढंच. त्याचं चित्र करून त्यानं पानावर चिकटवलं आणि लिहिलं, ‘माझ्या सासूबाई, स्वतःच्या मुलीबद्दल.’

ब्रिटाचा फोन आला. मागे एल्सी, चार वर्षांची नात, कार्टूनचं गाणं म्हणत होती.

"आई, तू माझ्याबद्दल असं लिहिलंस?"

"त्यानं अर्धं कापलंय. पूर्ण वाच. थांब, मी तुला मूळ पुस्तकातला परिच्छेद पाठवते."

"पुस्तकात काय आहे ते मी विचारलं नाही."

"पण त्याच्याशिवाय कसं कळणार, ब्रिटा? संदर्भ—"

"तू माझ्याबद्दल काय म्हणतेस ते विचारलं."

लॉर्नानं परिच्छेद पाठवला, पान क्रमांकासकट. तिच्या मते याहून सरळ उत्तर नव्हतं. त्या शनिवारी ब्रिटा आली नाही. दर शनिवारी अंगणातली सौनाची खोली तापायची, मायलेकी वाफेत बसायच्या, नंतर खारा मासा आणि बटाटे खायच्या. रूडी वारला त्या शनिवारीसुद्धा ते चुकलं नव्हतं. पुढच्या शनिवारी लॉर्नानं तापवली, त्याच्याही पुढच्या. ब्रिटानं गावाच्या पानावर, त्या जोडखात्यावरून, लिहिलं, ‘मी ब्रिटा बोलतेय. माझा नवरा मला राणीसारखं ठेवतो. आईनं आमच्या घरात लक्ष घालू नये.’ खाली दीडशे बदामांच्या खुणा उमटल्या.

ते शब्द तिचे होते की त्याचे, हे लॉर्नाला कळेना. फोन केला तर ट्रेंट उचलायचा. "झोपलीय," म्हणायचा, किंवा, "बाहेर गेलीय." घरात गाडी एकच आणि ती ट्रेंटकडे, मग ब्रिटा बाहेर जाते कशी? लॉर्ना चाळीस मैल गाडी हाकत गेली, तर दोघं पायरीवर आले, ट्रेंटनं कॉफी विचारली, ब्रिटा हवापाण्याचं बोलली. तिचा हात सारखा बाहीत जात होता. लॉर्ना परतली आणि संगणकासमोर बसली. तिला दुसरं काय येत होतं? तिला वाटलं, एकदा वाद जिंकला, एकदा सगळ्यांसमोर याचं बोलणं खोटं पाडलं, की मुलीला दिसेल. तिनं गावाच्या पानावर दहा महिने वाद घातला आणि जवळजवळ प्रत्येक जिंकला.

एव्हाना गावातल्या रिकामटेकड्यांना वाचनालयाचं प्रश्नांचं पानही सापडलं होतं. तिथं नाव लागत नाही म्हटल्यावर काय विचारता. ‘समजा बुडत्या बोटीत एक पुरुष आणि एक स्त्रीवादी असेल तर?’ ‘समजा एखादीला स्वयंपाकच आवडत असेल तर तिला अटक करणार का?’ सगळे प्रश्न ‘समजा’नं सुरू व्हायचे आणि सगळ्यांच्या पोटात काटा असायचा. लॉर्नानं नियम सोडला नाही. बोटीच्या प्रश्नालाही तिनं जुन्या नौकानयनाच्या पुस्तकातून उत्तर दिलं.

फेब्रुवारीत, सोमवारी, एक प्रश्न आला. ‘घरी राहणारी बाई स्त्रीवादी असू शकते का?’ लॉर्नानं लिहिलं, असू शकते, आणि तीन पुस्तकं सुचवली. बुधवारी आला, ‘पण तिनं ते आपण होऊन निवडलं असेल तर मग तिला तक्रार करायचा हक्क उरतो का?’ हा तर वाद घालणाऱ्यांचा आवडता प्रश्न, तिनं तो शंभरदा ऐकला होता. तिनं दोन ओळींत उत्तर दिलं, की निवड कुठल्या कुंपणाच्या आत झाली तेही बघावं लागतं, पहिली तीन प्रकरणं वाचावीत.

गुरुवारी सकाळी ती वाचनालयात आली तेव्हा तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आदल्या दिवशी जोडखात्यावर एल्सीच्या वाढदिवसाचे फोटो आले होते. तिला बोलावणं नव्हतं. फोटोखाली ट्रेंटनं लिहिलं होतं, ‘सिद्धांतवाल्यांना केक मिळणार नाही.’ अकराच्या सुमाराला तिसरा प्रश्न आला.

‘समजा तिच्याकडे गाडी नाही, बँकेत स्वतःचं खातं नाही, आणि चारचौघांत तिनंच नवऱ्याची बाजू घेऊन आपल्या माणसांना तोडलं. आता तिला तुमचा सिद्धांत काय सांगतो? अशा बाईनं जायचं कुठं?’

लॉर्नानं तो दोनदा वाचला. ‘तुमचा सिद्धांत.’ हा ट्रेंटचाच शब्द. गाडी, बँक, तोडलेली माणसं. हा माझ्या मुलीच्या आयुष्याची थट्टा करतोय, तेही मलाच विचारून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं पुस्तक उघडलं नाही. तिनं लिहिलं:

‘तू कोण आहेस ते मला कळलं आहे. कळून बरेच दिवस झाले. तुला उत्तर नको आहे, तुला तमाशा हवा आहे, आणि माझ्या घरातलं जे मोडायचं ते तू मोडलंस. आधी ती तीन प्रकरणं वाच, मग तोंड दाखव. तोवर हे दार बंद आहे.’

"शाब्बास," मॅक्सीन खांद्यावरून वाचत म्हणाली. "हे दहा महिन्यांपूर्वी करायला हवं होतंस." वाचनगटातल्या पाचही बायकांनी तिला फोन करून शाबासकी दिली. दुपारी लॉर्नानं सूप प्यायलं आणि तिला बऱ्याच दिवसांनी चव लागली. चौथा प्रश्न आला नाही. आपण बरोबर ओळखलं याची तिला खात्रीच पटली.

एप्रिलमध्ये रूडीचे काका आयनो गेले. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅमचे सँडविच, कॉफी, वेलचीचा पाव. ब्रिटा आली. ट्रेंटचा हात तिच्या खांद्यावर होता, एल्सी पायाशी. ब्रिटा वाळली होती. लॉर्ना पावाचा ट्रे घेऊनच तिच्याकडे गेली.

"शनिवारी येत जा गं," ती म्हणाली. "मी अजून तापवते."

"बघू या ना," ट्रेंट म्हणाला. "पण काय आहे सासूबाई, तुमच्याकडे यायचं म्हणजे अभ्यास करून यावं लागतं." जवळचे दोघं-तिघं हसले.

ब्रिटा एल्सीच्या जॅकेटची चेन लावत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हो ना. माझी तीन प्रकरणं अजून व्हायचीत."

"कसली प्रकरणं?" ट्रेंटनं विचारलं.

"वाचनालयातलं आहे एक. आईनं सांगितलंय, ते वाचल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही."

"घ्या. पोटच्या पोरीलासुद्धा गृहपाठ," ट्रेंट म्हणाला आणि ट्रेमधला पाव उचलला. त्याला काहीही कळलं नव्हतं. वाचनालयाच्या त्या पानावर तो कधी फिरकलाच नव्हता. त्याला जे बोलायचं ते तो नावानिशी, लोकांसमोर बोलायचा, त्याशिवाय त्याला मजा येत नसे. हे लॉर्नाला दहा महिन्यांत शंभरदा दिसलं होतं.

"ते मी तुला नव्हतं सांगितलं," लॉर्ना म्हणाली.

"मलाच सांगितलंस." आता ब्रिटानं वर पाहिलं. "ओळखून सांगितलंस."

ट्रेंटचं चावणं थांबलं. तो एकदा बायकोकडे, एकदा सासूकडे बघू लागला. लॉर्नाला सगळं सांगून टाकायचं होतं, की मला तो वाटला गं, मला तू वाटली नाहीस, चल, अशीच चल, गाडी बाहेर उभी आहे. पण त्यातला एक शब्द जरी बोलली तरी मुलीनं काय विचारलं होतं ते या माणसाला कळणार होतं, आणि चाळीस मैलांवरच्या त्या घरात आज तिला त्याच्याबरोबर परत जायचं होतं. तळघरात साठ माणसं कॉफी पीत होती. कुणाला हाक मारली असती तर कुणीही धावलं असतं. तिला हाक मारण्याजोगं वाक्य सुचलं नाही.

"पुस्तक चुकीचं होतं," ती म्हणाली. "मी चुकीचं पुस्तक सांगितलं. ते वाचायची काही गरज नाही, ब्रिटा. काहीच वाचायची गरज नाही."

"असू दे, आई," ब्रिटा म्हणाली. "आता नाही लागत."

तिनं एल्सीला उचललं आणि ती तिघं जिना चढून गेली. लॉर्ना ट्रे घेऊन तिथंच उभी राहिली. मॅक्सीननं येऊन ट्रे काढून घेतला.

वाचनालयाच्या टेबलाशी पहिल्या वर्षात शिकलेली गोष्ट ती विसरली होती. ‘माझ्या एका मैत्रिणीला विचारायचं होतं’ असं म्हणणारी बाई स्वतःसाठीच विचारत असते. ‘समजा एखाद्याला’ म्हणणारा माणूस स्वतःचाच आजार सांगत असतो. हे मॅक्सीनला कळतं, समितीवरच्या ठोंब्यांनाही कळतं. आणि ‘तुमचा सिद्धांत’? एका छपराखाली राहणाऱ्यांचे शब्द एक होतात, तिचे आणि रूडीचे झाले नव्हते का? लॉर्नानं एल्सीला, भांडणाआधीच्या नाताळात, कार्टून बघायला टॅब्लेट दिली होती. त्या घरात ट्रेंट जिला हात लावत नसे अशी तेवढीच एक वस्तू होती. त्यावरून तिची मुलगी तीन दिवस तिचं दार वाजवत होती. नाव न घेता, कारण नाव न लागणारं असं एकच दार तिला माहीत होतं, आणि ते तिच्या आईनं बांधलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या उत्तराखाली लिहिलं, ‘हे उत्तर चुकीच्या माणसाला गेलं. ज्यानं विचारलं त्यानं कृपा करून पुन्हा विचारावं.’ आठवडाभर ती बघत राहिली. मग राहवेना म्हणून गाडी काढली. घराला बाहेरून कुलूप होतं आणि दारात भाड्याची पाटी. शेजारी, म्हणजे दीड मैलावरचा एक म्हातारा, म्हणाला की ट्रेंटला पश्चिमेकडे कुठंतरी तेलाच्या विहिरींवर काम मिळालं. कुठल्या राज्यात? ते काही त्यानं विचारलं नव्हतं. फोन बंद होता. जोडखात्यानंही लॉर्नाला एव्हाना बाहेर काढलं होतं.

ती शेरिफच्या कचेरीत गेली. टेबलामागच्या पोलीस डेप्युटीला तिनं त्याच्या लहानपणी डायनोसॉरची पुस्तकं दिली होती. तो उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली.

"ती सज्ञान आहे, मिसेस सालमी. नवऱ्याबरोबर गेलीय. यात गुन्हा काय लिहू मी?" तो अगदी हळू बोलत होता. "तिनं कधी तक्रार केली होती का? कुणाकडे मदत मागितली?"

"प्रश्न विचारला होता. कुठं जाऊ म्हणून."

"कुणाला?"

"मला."

तो लिहायला लागला आणि थांबला. "मग तुम्ही काय सांगितलंत?"

लॉर्ना खुर्चीतून उठली. त्यानं प्रश्न पुन्हा विचारला नाही. तिला गाडीपर्यंत सोडायला आला.

ही गोष्ट दीड वर्षापूर्वीची. लॉर्नाला आता पासष्ट पूर्ण झाली, निवृत्तीचा कागद तिनं भरला नाही. वाचनगट मोडला. ती खोक्यातली पुस्तकं अजून फळीवर आहेत आणि ती खोटी आहेत असं तिला आजही वाटत नाही. उलट त्यातलं प्रत्येक वाक्य तिच्या मुलीबद्दल खरं निघालं. म्हणूनच तिला ती उघडवत नाहीत. गावाच्या पानावर ती जात नाही. तिथं म्हणतात, लॉर्ना शेवटी सुधारली.

वसंतात समितीनं प्रश्नांचं पान बंद करायचा ठराव आणला, टवाळीशिवाय तिथं काही येत नाही म्हणून. लॉर्ना सभेत उभी राहिली. तिनं पुस्तकं आणली नव्हती, आकडे आणले नव्हते. ती म्हणाली, "बंद करू नका. मी हात जोडते." असं या गावात कुणी बोलत नाही. समितीच्या सातही जणांनी टेबलाकडे बघत ठराव मागे घेतला.

आता ती प्रत्येकाला उत्तर देते. कोण लिहितंय ते कळायची सोय तिनंच ठेवली नाही, आणि ओळखण्यावर तिचा भरवसा उरला नाही. शिवी आली तर त्या शिवीत काही विचारलंय का ते ती शोधते. कधी वाटतं, हा शब्द ब्रिटाचा आहे. कधी वाटतं, ती इतकी रागावली असेल तर असंच लिहील. परवाच्या मंगळवारी एक आला. ‘पुरुष एवढे नकोसे झालेत तर तुझ्या दारातला बर्फ कोण काढतो गं म्हातारे?’

"पुसून टाक," मॅक्सीन म्हणाली. "लॉर्ना, हे कुणीतरी शाळेतलं कार्टं आहे."

"असेल."

"मग?"

"नसेलही," लॉर्ना म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. तिनं लिहिलं:

‘प्रश्न मिळाला. बर्फ मीच काढते. पुढचं दार मोकळं आहे आणि मागचंही. गाडी नसेल तर कुठं आहेस तेवढं कळव, मी निघते, कितीही लांब असलं तरी. कुणाची बाजू घेतली होती ते मी विचारणार नाही. काही वाचून यायचं नाही.’

दहा मिनिटांत खाली उत्तर आलं, हसणारे चार चेहरे आणि दोन शब्द, ‘म्हातारी खुळावली.’ लॉर्नानं ते वाचलं, चष्मा पुसला, आणि त्यालाही उत्तर लिहायला घेतलं.